राहू दे

नॉर्विचला, नदीलगतच्या छापखान्यात
मी पंधराव्या वर्षी लागले, मजकूर मोठ्यानं वाचायला.
मी वाचायचे, स्वल्पविरामासकट;
समोर मिस पेटिंगिल, कानावर पेन्सिल,
ओल्या प्रुफावर जवळजवळ नाक टेकवून.
परका शब्द आला की मी म्हणायचं, "तिरपं,"
तो संपला की, "सरळ."

दिवसभर तेच.
रांदेव्हू, तिरपं.
आँग्स्ट, तिरपं.
व्हिज-आ-व्ही तिरपं, आणि डोक्यावरची रेघ सांभाळ.
पायजमा?
"माझे वडील पायजम्यातच वारले. सरळ."
कॅफे सरळ, पण शेवटच्या अक्षरावरची ती रेघ?
"राहील अजून दोनेक वर्षं.
मग पडेल आपोआप, दुधाच्या दातासारखी."

सरळ व्हायला किती वर्षं लागतात,
मी एकदा विचारलं.
"वर्षं नाही मोजायची.
तो शब्द बोलताना लोक आवाज बदलेनासे झाले,
की झाला."

खिळे जुळवायला मिहाऊ गोवोंप होता,
युद्धानंतर आलेला, पोलंडचा.
त्याच्याशी बोलताना सगळेच आवाज बदलायचे,
सावकाश, मोठ्यानं, जसा काही तो बहिरा.
पगाराच्या पाकिटावर माईक गोलाब.
एलच्या पोटातली आडवी रेघ, एच्या पायाशी शेपटी,
आमच्या खणांत नव्हतीच मुळी.
"तिकडे माझ्या आडनावाचा अर्थ कबूतर,"
तो हात पुसत म्हणाला होता,
"इकडे काहीच नाही."
नागरिकत्वाचा कागद आला त्या दिवशी
त्यानं केक आणला, वर साखरेच्या अक्षरांत: बोना फिडे.
बेकरीवाल्यानं एक अक्षर चुकवलेलं.
मिस पेटिंगिलनी सुरीच्या टोकानं सुधारलं,
मगच कापू दिला.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत तो गेला.
त्याचा खण मी रिकामा केला.
फुटका चष्मा, बसची तिकिटं, तंबाखूचा डबा.
डब्यात तंबाखू नव्हता.
पातळ कागदात गुंडाळलेले दोन खिळे,
कानशीनं घासून, डाग देऊन घडवलेले:
रेघेचा एल, शेपटीचा ए.
शाई कधी न लागलेले.

निधनवार्ता सहा ओळींची, आतल्या पानावर.
मिस पेटिंगिलनी ती स्वतः जुळवली,
जे काम त्यांचं नव्हतं.
फोरमन थर्टलनं प्रूफ पाहिलं,
म्हणाला, हे डाग कसले?
दोन्ही अक्षरांवर काट मारली आणि चहाला गेला.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.
खोडलेल्या अक्षरांखाली बारीक टिंबं ठेवली,
पाखरापुढे दाणे टाकावेत तशी,
आणि समासात लिहिलं: स्टेट्.
लॅटिन. आमच्या धंद्यात रोजचं.
हजारदा पाहिला असेन तो शब्द,
अर्थ कधी विचारला नव्हता.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
मला वाटलं, विचारू नको म्हणताहेत.
तर तोच अर्थ होता.

मग मी वाचायला घेतलं.
नावापाशी अडले.
"तिरपं?"
"सरळ," त्या म्हणाल्या,
"आणि आवाज बदलू नकोस."