एक तास पन्नास मिनिटं

वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारामागे
समुद्रसिंह धक्क्यावर पसरलेले असतात,
कुणीतरी कापलेल्या माशाचं डोकं टाकेल या भरवशावर.
आपलं काय वेगळं आहे, कुस्तोदियो म्हणतो
आणि वर्गणीदारांची यादी उघडतो.

एकेचाळीस जण.
कुणाचे महिन्याला तीन डॉलर, कुणाचे पाच.
त्रोम्सोचा एक जण वीस देतो
आणि कधीच काही विचारत नाही.
मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

एक तारखेला दोघंतिघं गळतात.
जाताना कारण लिहायला एक चौकोन असतो.
एकाने लिहिलं, नोकरी गेली, माफ करा.
मी कळवलं, पुढचं प्रकरण तुम्हाला असंच पाठवते.
कुस्तोदियो म्हणाला, धर्मशाळाच काढ एक.
आणि पहाटेपर्यंत बसून
त्याच प्रकरणासाठी नदीचं धुकं रंगवत राहिला.

रात्र थोडी, सोंगं फार.
आमच्या उबेर्लिंदाला चौदा चेहरे आहेत :
हसणारा, हसू गिळणारा,
खरं ऐकूनही विश्वास न बसलेला.
ती नाव चालवते. पूल होऊ घातलाय.
प्रत्येक फेरीला एक उतारू, प्रत्येक उतारूचे दोन प्रश्न,
खेळणाऱ्याने उत्तर निवडायचं,
आणि शेवटी नाव विकायची की नाही, तेही.
चार वर्षं लागली.
सकाळी बेकरीत पीठ, रात्री संवाद.

मग किंमत.
बारा म्हटलं की माझा हात थरथरे,
नऊ म्हटलं की चार वर्षं मान खाली घालत.
बारा लावली. वर्गणीदारांना फुकट, आठवडाभर आधी.
एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

अठरा मिनिटं खेळून एकाने लिहिलं,
यात मारामारी कधी सुरू होते?
तीनदा खेळून एकीने अंगठा खाली दाखवला :
शिफारस करणार नाही,
माझी आई अशीच गेली.
मी तो अभिप्राय छापून बेकरीच्या फळीवर चिकटवला.
मालकीणबाईंनी वाचला, काढला नाही.

दुकानाचा नियम असा, की
दोन तासांच्या आत खेळ परत केला
तर पैसे परत, कारण न विचारता.
आमची गोष्ट संपते एक तास पन्नास मिनिटांत.

चौथ्या दिवशी अंगठा वर :
खूप रडलो. अप्रतिम. पैसे परत घेतले.

मी ते चारदा वाचलं.
खोटं काहीच नव्हतं त्यात.
पोटभर जेवून, स्वयंपाकिणीचा हात हातात घेऊन
ताटाचे पैसे परत मागावेत
इतकं प्रेमळ होतं.

दहा मिनिटं वाढव, कुस्तोदियो म्हणाला,
त्याच्या पुढे हिशेबाची वही.
खरं सांगते, मी हिशेबासाठीच बसले लिहायला.
रात्रीची फेरी. उतारू नाही.
प्रश्न नाही, उत्तर नाही, निवडायला काही नाही.
वल्ह्याचा आवाज. दिवा. काळं पाणी.
अकरा मिनिटं.
सातव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं
की हा माझा मामा तेओफिलो आहे,
पूल झाल्यावरसुद्धा वर्षभर
रिकामी नाव पलीकडे नेऊन आणणारा,
आणि त्याला आम्ही सगळे हसायचो.

पुढे जाण्याचं बटण मी ठेवलं.
ज्याला जायचं त्याने जावं.

परतावे थोडे कमी झाले, फार नाही.
कंटाळवाणं, असं नऊ जणांनी लिहिलं.
आणि त्रोम्सोच्या त्या माणसाने
तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं :
पलीकडे पोचल्यावर ती दिवा का विझवत नाही?

त्याच महिन्यात त्याची वर्गणी
विसावरून तीनवर आली.
कारणाचा चौकोन कोरा.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
खरंच, का नाही विझवत? कुस्तोदियो विचारतो.
बाहेर समुद्रसिंह कशावरून तरी भांडताहेत.
मी म्हणते, तू पंधरावा चेहरा काढ,
मग बघू.