टेपचं दुसरं टोक

जबाबात लिहिलंय: चांदणं टिपूर,
अंतर पंधरा पावलं, चेहरा ओळखला.
पावलं कुणाची, ते लिहिलेलं नाही.

म्हणून तीच तिथी धरून आलो,
वद्य अष्टमी, रात्री साडेनऊ.
चंद्र उगवायला अजून दोन-अडीच तास.
लाखांदूरच्या पुढे, बोडीच्या पाळीवर,
खिशात लक्समीटर, हातात पन्नास मीटरचा टेप.

टेपला दुसरं टोक असतं
आणि ते धरायला गावात कोणी नव्हतं.
सरपंचाला ताप. कोतवालाची म्हैस सुटलेली.
पोरं तणसाच्या ढिगाआड हसत होती.
बचावाचा माणूस म्हणे, पैसे घेऊन आलाय.
घेतलेत. पावतीही दिलीय.

मग पुस्तकला आली,
ज्याचा खून झाला त्याची बायको.
तो पडला होता तिथं उकिडवी बसली,
शून्यावर अंगठा दाबून.
"वढा जी."

मागे मागे सरकत मी मोहाच्या झाडाशी:
एकेचाळीस मीटर, वीस सेंटिमीटर.
"दिसते का जी माहा चेहरा?"
लुगड्याचा एक पांढुरका डाग, बस्स.
नाही, म्हणालो.

बराच वेळ टेप ताणलेलाच राहिला.
बोडीत काहीतरी डुबुक वाजलं.
"मंग कोन होता?"

याला अहवालात रकाना नाही.
मी लिहिलं: या अंतरावरून, या उजेडात
चेहरा ओळखणं शक्य नाही.
हिवराज सुटेलही.

टेप गुंडाळताना शेवटचे हातभर चिखलानं माखून आले,
शून्याजवळ अंगठ्याचा ठसा.
तो मुद्देमालात नाही.