डाव्या अंगाने

ओसवालांचा अर्हम गाडी घेऊन आला तेव्हा
गल्लीच्या तोंडाशीच अडला.
गतिरोधकावरून तिचं पोट जाईना.
जुबेरनं फळ्या टाकल्या, मी समोर उभा राहून
दोन्ही हातांनी बोलावलं,
बुजऱ्या बैलाला बोलावतात तसं.

"मागून नको," म्हणाला. "बाजूनं काढा.
दाराच्या खालून, मागच्या चाकाच्या अलीकडे."
कोणत्या बाजूनं?
"डाव्या. मी उजवीकडे बसतो ना."

घोरपडी पेठेत बत्तीस वर्षं मी सायलेन्सर जोडतोय.
रिक्षांचे, टेम्पोंचे,
एकदा वरातीच्या जनरेटरचा, घोडा बिथरत होता म्हणून.
टर्बोचं गणित त्यामानानं सोपं:
गाडीनं टाकलेल्या श्वासावर एक पंखा फिरतो,
तो दुसऱ्याला फिरवतो, दुसरा ताजी हवा आत कोंबतो.
उष्ट्यावर जगणं,
पण मिनिटाला लाखभर फेऱ्या.
पुढची वाट जितकी मोकळी
तितका तो खूश.

मागचा डबा उतरवला. अकरा किलो.
नवी नळी आधी पुठ्ठ्याची केली,
पुठ्ठा चुकला तर चार आण्यांचं नुकसान.
मग अडीच इंची स्टेनलेस, दोन वाक,
ब्रेकच्या नळीपासून चार बोटं लांब,
जॅक लावायची जागा सोडून,
वरच्या प्लास्टिकला पत्र्याची ढाल.
आतून आरगॉन सोडला,
नाहीतर शिवण आतल्या आत काळी पडते
आणि वर्षानं उसवते, कुणाला न सांगता.
टाका उमटला
कांद्याच्या सालीच्या रंगाचा.
जुबेर म्हणाला, उस्ताद, हा दिसणार कुणाला?
त्याला म्हटलं, तुला दिसला ना.

मग तोंड कापायला खाली उकिडवा बसलो
तर भोक बरोबर माझ्या पोटरीसमोर आलं
आणि पोटरीला आठवलं.

मामाची राजदूत. सासवडहून आलो होतो, उतरताना टेकलो.
मामीनं टूथपेस्ट फासली.
आठ आण्याएवढा डाग, अजून आहे.
या गावात पाय उघडे करून बघा,
बँकेतल्या साहेबांचा, नाच शिकवणाऱ्या बाईंचा,
सापडेलच कुठेतरी.
सगळं शहर दुचाकीवर वाढलेलं.

आणि सेव्हन लव्हज चौकात, सिग्नलला,
गाडीच्या डाव्या अंगाला कोण उभं असतं?
ॲक्टिव्हा. पुढे दप्तर, मागे पोरगी,
उजवा पाय जमिनीवर टेकलेला.

"टोक जरा खाली वळवतो," मी म्हटलं. "आणि मागे."
"आवाज कमी होईल?"
"वळवल्यानं नाही."
एवढं खरं बोललो.
आत वीतभर जाळी बसवली ते बोललो नाही.
बिलात लिहिलं: किरकोळ, एकशे ऐंशी.

चालू केली.
चहाचे ग्लास ट्रेमध्ये एकमेकांना लागले,
समोरच्या टेलरनं शटर अर्धं ओढलं,
कुठूनतरी एक मांजर आली नि आली तशीच गेली.
अर्हमनं पाय सोडला तेव्हा
टर्बोनं सुस्कारा टाकला,
कुणीतरी जड पोतं उतरवल्यासारखा.
खोटं कशाला बोलू,
मलाही आवडला.
छातीत, बरगड्यांच्या मागे,
जिथं ढोल लागतो तिथं.

तो निघाला. फळ्या, हात, पोट, गतिरोधक.
शंकरशेठ रोडला लागल्यावर मोठा होत गेला आवाज,
मग एकदम थांबला.
सिग्नल असणार.
मी मोजत राहिलो.
कशासाठी, माहीत नाही.

जुबेरनं जुना डबा भंगारात टाकायला उचलला.
ठेव म्हटलं. हवालदार धरतात,
मग रात्री फोन येतो: काका, आहे का तो अजून?
माळ्यावर सात आहेत, खडूनं नावं लिहून.
दोन परत गेले.
जुबेर शिडीवर चढला, हात पुसला,
आणि आठव्यावर लिहिलं
ओसवाल, डावा.