पुठ्ठ्यावर दोन खळगे

कायतानने किंमत विचारली नाही, रंग विचारला नाही.
वैद्यासारखं म्हणाला,
"खंय दुखता?"

मी सांगत गेलो.
डावा खांदा, रॅम्पची साखळी ओढून.
मान, शेवटचा स्कूटरवाला चढला का
ते मागे वळून वळून बघण्यात.
आणि गुडघे.
इंजिनची थरथर डेकच्या पत्र्यातून वर यायची,
निवृत्त झालो तरी
रात्री कधीकधी येते.

एकतीस वर्षं, रायबंदर ते चोडण.
पाळीला वीस खेपा.
शर्वाणीने एकदा मोबाइलवर गुणाकार केला:
"बाबा, पृथ्वीला दोन वळसे झाले की तुमचे!"
झाले असतील.
उतरलो मात्र दर वेळी चोडणलाच.

म्हणून आता पत्रादेवीहून निघायचं
ते थेट पोळेपर्यंत, एका दिवसात,
मध्ये कुठेही बोट उलटी न फिरवता.

कायतानने टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पायरीवर टाकला. बस.
गुडघे वर घे. आणखी वर.
म्हापशाचा शुक्रवारचा बाजार समोरून चाललेला,
आणि मी साठीचा बाप्या
अंडी उबवल्यासारखा बसलेलो.

उठलो. त्याने पुठ्ठा उजेडात तिरका धरला.
दोन खळगे.
पट्टी लावून म्हणाला, एकशे सव्वीस मिलीमीटर.
माझा इतका खरा दाखला
मामलेदार कचेरीतही कधी मिळाला नव्हता.

"सीट ह्यावरून घ्यायची, पुनाबाब.
मऊ गादी पहिल्या तासापुरती मैत्रीण."

मी तरी बोट दाखवलं लाल सायकलीकडेच.
कार्बनची. करंगळीवर उचलावी अशी.
तो हसला नाही.
"पेडण्यापर्यंत जाऊन ये.
दुकानाभोवती फेरी नको,
दहा मिनिटं सगळ्याच सायकली गोड."

पळाली, हे खरं.
पाठीची कमान, नाक पुढच्या चाकावर,
धारगळला मनगटांत मुंग्या,
पेडण्यात उतरलो तेव्हा
करंगळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या.

परत आलो तर कायतानचा एकच प्रश्न:
"कोलवाळला पाणी कसं होतं?"

भरती होती की ओहोटी?
जाताना एकदा, येताना एकदा
पूल ओलांडला मी,
पाण्यावर पोट भरलेला माणूस,
आणि नदी पाहिलीच नाही.

पुढच्या शुक्रवारी दुसरी काढली त्याने.
स्टीलची, शेवाळी रंगाची,
वजनाला दोन-तीन नारळ जास्त.
हँडल सीटच्या बरोबरीला आणि जरा जवळ,
टायर बत्तीसचे,
हवाही त्याने मोजून कमीच भरली:
"खड्डा टायरला कळू दे, तुला कशाला?"

हळू होती.
चढणीवर एका दूधवाल्याने मला मागे टाकलं,
वर कॅन वाजवत गेला.
पण बोटं माझीच राहिली, मान मोकळी,
आणि पुलावर आलो तेव्हा
ओहोटी नुकती लागलेली,
काठाला चिखलाची ओली कड उघडी पडत होती,
मधल्या खांबापाशी भोवरा, डावीकडे फिरणारा.
इथून बोट न्यायची तर
सुकाणू जरा उजवीकडे,
असं मनात आलं
आणि हँडल जरा उजवीकडे गेलंच.
मागच्या ट्रकने शिवी दिल्यासारखा हॉर्न दिला.

घरी शेवंतीने विचारलं, केवढ्याला?
चार हजार कमी करून सांगितले.
तिने अंगठ्याने सीट दाबून पाहिली.
"ही एवढी टणक? हिच्यावर दिवसभर?"

मी पिशवीतून पुठ्ठा काढला,
खळगे दाखवले, कायतानचं सगळं ज्ञान ऐकवलं.
ती बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिली.
मग तो उलटा करून पायरीवर ठेवला,
साडी सावरून बसली,
गुडघे वर घेतले.

"आता माझे मोज," म्हणाली.