येणे बाकी

मेळाव्याच्या पत्रिकेत माझं नाव शेवटून दुसरं,
आभारप्रदर्शनाच्या वर.
दोन शब्द बोला म्हणाले, खिल्लारे मामा.

मी शब्द आणले नाहीत.
टूलरूमचं रजिस्टर आणलंय,
लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडांना ग्रीस,
आतून पिवळं पडलेलं.
वसमतमध्ये कागदसुद्धा हळदीवर जातो.

एकवीस वर्षं मी त्या खिडकीच्या आत बसलो.
नगरपालिकेच्या शाळेच्या मागच्या तीन खोल्या,
संध्याकाळी सहा ते नऊ,
पाटीवर सामुदायिक महाविद्यालय.
गावात म्हणायचे, पान्ह्याचं कॉलेज.
पोरं सोयऱ्यांपुढं नुसतं 'कॉलेज' म्हणायची
आणि विषय बदलायची.

वाचतो मग.

पान सात. पक्कड, एक नग.
घेणार : सय्यद मुनीर, मोटार रिवाइंडिंग.
उद्या आणून देतो की मामा, म्हणाला होता.
तो उद्या अजून उगवायचाय.
पण कुरुंद्याच्या शिवारात मोटार जळली
की रात्री दीडला बॅटरी दातात धरून
जो विहिरीत उतरतो,
तो माझ्याच पकडीनं तार तोडतो, मला माहीत आहे.
बस, बस. उठू नकोस मुनीर.

पान एकोणीस. रक्तदाबाचं यंत्र, पाऱ्याचं.
घेणार : अनुसया ढवळे, रुग्णसेवा.
घरी सरावासाठी, असं लिहिलंय.
घरी नवऱ्यानं तिच्या दोन वह्या चुलीत घातल्या.
तिसरी तिनं माझ्याकडं ठेवली,
स्पॅनरच्या खणात, चौदा-पंधरा नंबरच्या मागं.
आता ती नांदेडला रात्रपाळीच्या नव्या मुलींना शिकवते :
पट्टा बांधायच्या आधी आपले हात चोळून ऊन करा,
म्हातारी माणसं गार हाताला दचकतात.
मागच्या दिवाळीला यंत्र परत घेऊन आली होती.
मी घेतलं नाही.
शेरा मारला, वापरात आहे.

पान तेहतीस. मल्टिमीटर.
घेणार : गोमला राठोड, सोमला तांडा.
दिवाळी झाली की हा कोयता घेऊन ट्रकवर,
परीक्षा तीनदा बुडाली.
चौथ्या वर्षी मुकादमाच्या ट्रॅक्टरचं वायरिंग लावून दिलं
आणि बदल्यात तीन दिवस मागून घेतले.
बावन्न टक्के.
पत्रिकेत 'यशस्वी उद्योजक' असा रकाना आहे,
त्यात गोमला बसत नाही.
ज्या कारखान्याला ऊस घालायचा
तिथंच तो वायरमन आहे. कायम.
'कायम' हा शब्द त्यानं फोनवर
मला दोनदा म्हणून दाखवला.

पान चव्वेचाळीस.
टेस्टर, एक नग. परत आला.
त्याच्या वडिलांनी आणून दिला, रुमालात बांधून.
मुलगा खांबावर होता
आणि खाली कुणीतरी लाइन चालू केली.
नाव वाचत नाही. समोर त्याची बहीण बसलीय,
ती परवाच दुचाकी दुरुस्तीची परीक्षा
पहिल्या नंबरानं पास झाली.
तिनं तोच टेस्टर मागितला होता.
मी नवा दिला. ती घेईना.
शेवटी तोच दिला.

लेखापरीक्षक दरसाल लाल शाईनं लिहीत गेले :
तूट. खुलासा करावा.
एकूण नऊ हजार चारशे दहा रुपये.
काही माझ्या पगारातून गेले, त्याचं राहू द्या.

हा खुलासा.
शाली-नारळ होऊ द्या, फोटो होऊ द्या,
आणि जेवायला जाण्याआधी
ज्याच्याकडं जे असेल त्यानं इथं येऊन
आपापल्या पानावर एक सही करा.
वस्तू नको. नुसती सही.
पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलाय.

पेन तेवढा ठेवा बाबांनो.