काट्याची उजवी बाजू

पहाटे सव्वापाचला, पामबीच रोडवर,
नेरूळच्या सिग्नलला आम्ही शेजारी शेजारी उभे.
माझी पेट्रोलची, दोन हजार आठची,
तीनदा उघडलेली, दोनदा रंगवलेली,
डिकीत पान्यांचा खुळखुळाट.
तुफैलची विजेवरची, हिरव्या पाटीची,
खड्ड्यांचे दोन पावसाळे खाल्लेली.

सतराव्या वर्षी तुर्भ्याला माझ्या शेडमध्ये आला
तेव्हा त्याच्या हातात मी आधी पाना दिला नाही.
लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर दिला :
टोक इंजिनाला, मूठ कानाला.
म्हटलं, ऐक.
टॅपेट बोलतो, बेअरिंग कुरकुरते,
झिजलेली रिंग सासऱ्यासारखी खाकरते.
आता तो लॅपटॉप लावून गाडी तपासतो
आणि गाडी त्याला इंग्रजीत उत्तर देते.

सिग्नलचे आकडे उलटे मोजत आले. तीन. दोन.
मी क्लच दाबून, आवाज चढवून तयार.
हिरवा दिसला
आणि तो तिथे नव्हताच.

पेट्रोलला आधी हवा लागते, ठिणगी लागते,
चार सिलिंडरांना आपसात ठरवावं लागतं, कुणी आधी.
विजेला काही ठरवायचं नसतं.
ती पायाखाली येऊन बसलेलीच असते.

करावेच्या तलावावर पाहिलंय मी.
रोहित उडायला निघतो तो आधी पाण्यावर धावतो,
पंधरा-वीस पावलं, मान ताणून, पंख झोडत,
जमतंय की नाही याची काळजी बघणाऱ्यालाच.
आणि खंड्या
तारेवर होता. आता नाही.

तिसऱ्यात इंजिनाचा घसा मोकळा झाला.
चौथ्यात ते आपलं वय विसरलं.
सानपाड्याच्या अलीकडे सरळ पट्टा लागतो,
तिथे त्याचे लाल दिवे मोठे होऊ लागले.
ऐंशी. शंभर. स्टेअरिंग थरथरायला लागलं.
त्याच्या दाराशी आलो, नाकभर पुढे गेलो,
आणि समोर कॅमेऱ्याचा खांब.
पाय आपोआप उचलले गेले. दोघांचेही.

माझ्या मीटरवर दोनशे वीसपर्यंत आकडे आहेत.
कंपनीने छापलेत, मी फडक्याने पुसतो.
इतक्या वर्षांत काटा एकशे दहाच्या पलीकडे गेलेला नाही,
उजवी बाजू अजून कोरी आहे,
आहेरातल्या काचेच्या सेटसारखी.
तुफैल म्हणतो, त्याच्या गाडीला एकशे चाळीसलाच कुलूप,
किल्ली कंपनीकडे.
मला आधी हसू आलं.
मग वाटलं, निदान तिला कुणी खोटी आशा तरी लावली नाही.

हा रस्ता नव्हता तेव्हा इथे आमचं खाजण होतं.
बाबा करावेहून वाशीला बांधाबांधाने जायचे.
किती वेळ लागतो विचारलं तर म्हणायचे,
ओहोटी असली तर दीड तास.
भरती असली तर उद्या.

वाशीच्या सिग्नलला लाल. एकशे वीस सेकंद.
दोन्ही गाड्यांचा वेग आता सारखाच.
त्याने काच खाली केली : "उस्ताद, बसून तर बघा."

माझी बाजूला लावली, त्याच्या शेजारी बसलो.
पाठ सीटला चिकटली,
सकाळचा चहा दोन खांब मागे राहिला,
आणि आवाज?
काहीच नाही.
सवयीने कान लावला तरी लावायचा कशाला!
टायरखालचं डांबर. वारा. तुफैलचा श्वास.
आणि पुढे, डावीकडे, बारीकसं,
भातात दाताखाली खडा यावा तसं काहीतरी.

"हळू कर."
"काय झालं?"
"पुढची डावी बेअरिंग."
"लॅपटॉप तर काही म्हणाला नाही."
"तो कशाला म्हणेल? त्याने कुठे ऐकलंय."

तुफैलने गाडी कडेला घेतली,
उतरला, चाकापाशी उकिडवा बसला,
आणि न बघता हात मागे केला, पूर्वीसारखा.
स्क्रू ड्रायव्हर माझ्या डिकीत राहिला होता, वाशीला.

परत वळलो.
या खेपेला तीसने,
काचा बंद करून, दोघंही ऐकत.