शिल्लक पाव

मी धूर तोलते.
दिसतो तो नाही. तो हेल्वेच्या भट्टीतून
बर्चच्या लाकडाचा, निळसर, सरळ वर जातो
आणि व्होरू गावाला कळतं, सहा वाजले.
मी तोलते तो शेतातून उठतो, कुणी बघत नसताना,
टँकरमागे, खताच्या गोणीमागे,
लोण्याच्या वडीत पाय पोटाशी घेऊन बसतो.

पहिल्या दिवशी तिनं मला स्टूल दिलं, उत्तरं दिली नाहीत.
लाकूड किती? "लागतं तेवढं."
पीठ कुठून? "एंदेलकडून. आधी त्याच्या बापाकडून."
वीज? तिनं दिव्याकडे बोट केलं.
मग हातावरचं पीठ झटकून म्हणाली,
"तार्तूहून गाडीनं आलीस ना? सत्तर किलोमीटर?
ते कुणाच्या पावावर लिहिणार?"
मी काहीतरी लिहिलं. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तिला वाटायचं, भट्टीच चोर आहे.
तीन आठवड्यांनी मी कागद घेऊन गेले.
रायच्या एका काळ्या पावामागे सातशे ग्रॅम,
त्यातले निम्म्याहून जास्त शेतातच,
पेरणी आणि कापणीच्या मधे,
एंदेल नत्राची गोणी फोडतो तिथे.
भट्टीचा वाटा करंगळीएवढा.
उगाच आळ घेतलेल्या शेजारणीकडे बघावं
तसं हेल्वेनं भट्टीकडे बघितलं.

"आणि ही खालची ओळ?"
ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.
रोज साठ पाव. विकले जातात एकोणपन्नास.
उरलेले अकरा मागच्या दारानं डुकरांच्या पिंपात.
त्यांचा धूर विकल्या गेलेल्यांनी वाहायचा असतो,
मेलेल्याचं कर्ज वारसांनी फेडावं तसा.

तिचे हात थांबले.
आमच्याकडे पाव खाली पडला तर उचलून
त्याचा मुका घेतात. मीही घेतलाय,
बालवाडीत, सगळ्यांसमोर.
जेवणाऱ्याला म्हणतात, पाव पुरो.
आणि हे अकरा, रोज, वर्षानुवर्षं.
खाली पडले नव्हते,
म्हणून मुकाही कुणी घेतला नाही.

"फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक फिरकत नाही.
सहा वाजताही भरलेली हवी.
मला तसं शिकवलंय."
कुणी, ते तिनं सांगितलं नाही.

एंदेलनं पुढल्या साली रायच्या आधी क्लोव्हर पेरलं,
गोण्या कमी फोडल्या, पीक जरा खुजं आलं,
त्याबद्दल तो अजून कुरकुरतो.
हेल्वेनं एवढंच केलं:
साठाचे पन्नास.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेले, मोजायला.
चारलाच काळोख. साडेपाचला फळी उघडी,
लाकडावर फक्त पिठाचे गोल डाग.
दाराची घंटा वाजली. एल्मार आला काठी टेकत,
फळीकडे बघून उभाच राहिला,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.
"संपले," हेल्वे म्हणाली,
आणि तो शब्द तिच्या तोंडात नीट बसेना.
मग आत गेली. स्वतःच्या रात्रीच्या जेवणाचा पाव
मधोमध कापला, अर्धा कागदात गुंडाळून त्याला दिला.
पैसे घेतले नाहीत.
एल्मारनं तो हुंगला.
"उद्या लवकर येईन," म्हणाला, थोडा रागानंच.

मी पेन काढलं. हा अर्धा कुठल्या रकान्यात?
विक्री नाही. नासाडी नाही.
"लिही की," हेल्वे आतून म्हणाली, "एल्मार."

निघताना दुसरा अर्धा तिनं माझ्या पिशवीत कोंबला,
वर बीटाची भलीमोठी बरणी.
"आणि तू काय खाणार?"
"सूप आहे."

सत्तर किलोमीटर. डिझेल.
काचेवर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी.
पिशवी शेजारच्या सीटवर,
आणि गाडी सारखी पिंपिं करत राहिली:
तिला वाटलं, माणूस बसलंय, पट्टा लावलेला नाही.
पुलापाशी थांबून मी लावला.